कराटे-ज्युदोच्या क्लासला नाव घालताय? पन्नाशीतल्या गुडघ्यांचा विचार आत्ताच करा

जून उजाडला की बडोद्यात दोन प्रकारचे बोर्ड एकदम वाढतात: वह्या-पुस्तकांच्या सेलचे आणि कराटे-तायक्वांदोच्या क्लासचे. दांडियाबाजारापासून मांजलपूरपर्यंत कुठल्याही सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये संध्याकाळी पांढरे गणवेश दिसायला लागतात. नाव घालायला आलेले आईबाप फी विचारतात, ब्लॅक बेल्टला किती वर्षं लागतील ते विचारतात, हल्ली तर सर्टिफिकेट सरकारमान्य आहे का तेही आधीच विचारून घेतात. या सगळ्याचं वीस-पंचवीस वर्षांनी शरीरावर काय उमटेल, हे विचारणारा क्वचित भेटतो. मी बरीच वर्षं क्लासमध्ये नव्यांना उभं राहायला शिकवतो आहे, म्हणून न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथं लिहितोय.

भीती घालायचा हेतू नाही. नियमित सरावानं हाडं भक्कम होतात, तोल सुधारतो, पडलं तर कसं पडायचं ते कळतं. ज्युदोचे जनक जिगोरो कानो ७७ वर्षं जगले, कराटेचे गिचिन फुनाकोशी ८८ आणि आयकिदोचे मोरिहेई उएशिबा ८५. तीन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, पण हा व्यायाम आयुष्य खाऊन टाकतो असं म्हणणाऱ्यांना एवढं पुरे.

मग बिघडतं कुठं? बहुतेकांचं शरीर मार लागतो त्या दिवशी बिघडत नाही. तो मार बरा व्हायच्या आत जे परत उभे राहतात त्यांचं बिघडतं, आणि ज्यांना पहिल्याच वर्षी ‘दुखतंय म्हणजे लागू पडतंय’ असं शिकवलं जातं त्यांचं तर हमखास. माझी कसोटी साधी आहे. पन्नाशीत लग्नाच्या पंगतीला मांडी घालून बसता आलं पाहिजे आणि उठताना कुणाचा हात मागावा लागू नये. पुढचं सगळं त्यासाठी.

पायरी १: क्लास बघायच्या आधी स्वतःला बघा

एक कागद घ्या. आजवर काय मोडलं, काय निखळलं, कुठला घोटा वारंवार मुरगळतो, ते लिहा. शाळेत मुरगळलेला घोटा इथं आठवतोच. मग अनवाणी उभं राहून तीन गोष्टी करून बघा: टाचा न उचलता पूर्ण उकिडवं बसणं, हात न टेकता जमिनीवरून उठणं, आणि डोळे उघडे ठेवून एका पायावर अर्धा मिनिट उभं राहणं. जमलं नाही तर नाव घालू नका असं मी म्हणत नाही. सुरुवात कुठून करायची ते कळतं एवढंच.

पस्तिशी ओलांडलेल्यांनी रक्तदाब, साखर आणि ईसीजी करून घ्यावा. घरात कुणी तरुणपणी अचानक हृदयविकारानं गेलं असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं, मग वय काही का असेना. चष्म्याचा नंबर उणे सहाच्या पुढे असेल तर डोक्यावर मार बसणारी कला नको, कारण अशा डोळ्यांत आतला पडदा सुटण्याचा धोका मुळातच जास्त असतो. आणि जी मुलं जन्मतःच रबरासारखी वळतात, अंगठा मनगटाला लावून दाखवतात, त्यांचं क्लासमध्ये फार कौतुक होतं. खांदा आणि गुडघ्याची वाटी निखळण्याची भीतीही त्यांनाच जास्त. त्यांना ताणापेक्षा ताकदीचे व्यायाम जास्त लागतात.

पायरी २: कुठली कला कुठं वसुली करते

कराटे आणि तायक्वांदो गुडघ्यावर आणि खुब्यावर वसुली करतात. राउंडहाउस, म्हणजे आडवी गोल लाथ, कुणी मारत असेल तेव्हा वर गेलेल्या पायाकडे बघू नका, जमिनीवरच्या पायाकडे बघा. लाथ लागते त्या क्षणी टेकलेल्या पायाची टाच समोरच्या माणसाकडे वळलेली हवी. टाच वळली नाही तर काय होतं? कंबर फिरते, पाऊल जागेवर राहतं आणि मधला गुडघा पिळवटला जातो. पावसाळ्यात गादी घामट होते, चवडा चिकटून बसतो, तेव्हा हे जास्त होतं. एका लाथेनं काही बिघडत नाही. पण एका वर्गात शंभर लाथा, आठवड्यातून तीन वर्ग, असा गुणाकार करून बघा. नवीन मुलीला मी पहिले दोन आठवडे लाथ मारूच देत नाही, भिंतीला हात लावून नुसती टाच फिरवायला लावतो. तिला कंटाळा येतो, आईला वाटतं सर काही शिकवत नाहीत.

खुब्याचं दुखणं उशिरा कळतं. वाढीच्या वयात फार तास कडक खेळ खेळणाऱ्या मुलांच्या मांडीच्या हाडाला, खुब्यात शिरतं त्या टोकाच्या मानेशी, थोडं जादा हाड चढतं. फुटबॉल आणि आइस हॉकी खेळणाऱ्या मुलांमध्ये हे चांगलं तपासलं गेलंय. पुढे खोल बसताना ते हाड खोबणीच्या कडेला घासतं. जांघेत चिमटा बसल्यासारखं दुखतं, आणि माणूस म्हणतो, स्नायू आखडलाय, अजून ताणतो. ताणल्यानं ते आणखी घासतं.

ज्युदो आणि कुस्ती खांदा, गुडघा, मान आणि कान मागतात. मानेवर पूल करणं, म्हणजे डोकं आणि पाय टेकवून अंगाची कमान उचलणं, हा कुस्तीतला जुना व्यायाम आहे, पण मानेचे मणके झिजून हाताला मुंग्या येणारे जुने पैलवान पाहिले की नव्या माणसानं पहिल्या वर्षी तो करू नये असं माझं मत पक्कं होतं. हाताचा विरोध देऊन मान मजबूत करता येते. कमरेतून वारंवार मागे वाकणाऱ्या किशोरवयीन मुलांत मणक्याच्या मागच्या बाजूला बारीक चीर पडू शकते. पोराची कंबर तीन आठवड्यांपेक्षा जास्त दुखत असेल तर ‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडून देऊ नका.

बॉक्सिंग, किकबॉक्सिंग आणि थायलंडची मुए थाई डोकं मागतात. त्याबद्दल सहाव्या पायरीत लिहिलंय, कारण ते एका परिच्छेदात मावणारं नाही.

दहा वर्षांखालच्या मुलाला कुठं घालावं असं मला विचाराल तर गादीवरचा ज्युदो किंवा मल्लखांब. दोन्हींत मूल स्वतःचं वजन सांभाळायला शिकतं, आणि ज्युदोत पडायला शिकतं.

पायरी ३: जमीन बघा, मग सर बघा

पहिल्या भेटीत चपला काढा आणि जमिनीवर टाच आपटून बघा. कोटा स्टोन, टाइल्स, पेव्हर ब्लॉक यांवर रोज अनवाणी उड्या मारायच्या म्हणजे नडगी आणि टाच आज ना उद्या बोलणार. पार्टी प्लॉटवर चालणाऱ्या क्लासमध्ये हिरवळीखाली खडी असते, तीही बघा. फोमच्या, एकमेकांत अडकवायच्या गाद्या असतील तर त्यांच्या फटी बघा. करंगळी अडकून मोडते ती तिथंच. कराटेला दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची गादी चालते, पण फेकाफेकी असेल तर चार सेंटिमीटर तरी हवी. ज्युदो शिकवतो म्हणणारा माणूस कराटेच्या पातळ गादीवर मुलांना फेकत असेल तर तिथून निघा.

सर कसे आहेत हे शेवटच्या पंधरा मिनिटांत कळतं. मुलं थकलेली असतात, पाय उचलत नाहीत, तेव्हा सर काय करतात? काही जण तेव्हाच स्पारिंग, म्हणजे जोड लावून लढत, काढतात, आणि दुखापती तेव्हाच होतात. ‘डोक्याला मार बसला तर तुम्ही काय करता?’ एवढं विचारून बघा. ‘काही होत नाही, पाणी मारतो,’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून घरी या.

बडोद्याला व्यायामाची मोठी परंपरा आहे. प्रा. माणिकरावांनी आपल्या गुरूंच्या नावानं चालवलेलं जुम्मादादा व्यायाम मंदिर दांडियाबाजारात सगळ्यांना माहीत आहे, आणि माणिकराव नुसते वस्ताद नव्हते, हाडं बसवण्यातही त्यांचा हात होता. मोडायला शिकवणाऱ्याला जोडायचीही जाण असावी, हा त्या काळचा नियम मला आजही बरोबर वाटतो. आताच्या सरांकडून हाडं बसवून घ्यायची नाहीत, पण प्रथमोपचाराची पेटी कुठं ठेवलीय ते त्यांना न शोधता सांगता आलं पाहिजे.

पायरी ४: पहिले तीन महिने

स्नायू लवकर तयार होतात. दीड-दोन महिन्यांत लाथ उंच जाते, जोर वाढतात, अंगात हवा भरते. स्नायूला हाडाशी बांधणारा कंडरा, म्हणजे टेंडन, मात्र सावकाश तयार होतो, त्याला महिने लागतात. नव्या माणसाचा गुडघ्याखालचा, टाचेमागचा आणि कोपराचा भाग तिसऱ्या महिन्यात दुखायला लागतो तो यामुळे. ताकद पुढे गेलेली असते, दोर मागे राहिलेला असतो. म्हणून पहिले तीन महिने आठवड्यातून तीनच दिवस, एका दिवसाआड. सर रोज या म्हणाले तरी.

पहिल्या दिवशी बैठकांची स्पर्धा लावू नका. सवय नसलेल्या माणसानं जिद्दीनं तीन-चारशे बैठका मारल्या, त्यात मे महिन्यातला बेचाळीस अंशांचा बडोदा, पाणी कमी, तर मांडीचे स्नायू अक्षरशः फुटून त्यातला ऐवज रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडं तुंबतात. खूण सोपी आहे. एक-दोन दिवसांनी मांड्या दगडासारख्या सुजतात आणि लघवी थम्सअपच्या रंगाची होते. असं दिसलं तर हळद-दूध पीत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. वेळेवर सलाइन मिळालं तर माणूस बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो.

दुसरा जुना प्रकार म्हणजे स्प्लिटसाठी, म्हणजे पाय पूर्ण फाकवून जमिनीला टेकावेत म्हणून, पाठीवर बसून दाबणं. मूल रडतं, बाकीचे मोजतात, सर म्हणतात दोन मिनिटं सोस. वाढत्या वयात मांडीमागचा स्नायू जिथं बैठकीच्या हाडाला जोडलेला असतो तिथलं हाडाचं टोकच उचकटून निघू शकतं. ताण स्वतःच्या वजनानं, स्वतःच्या वेगानं, आणि वर्गाच्या शेवटी अंग गरम असताना द्यायचा. सुरुवातीला हात-पाय झुलवणं, जागेवर धावणं, हलक्या बैठका पुरतात. गरम न होता वजन उचलणं कुणालाही महागात पडतं. ब्रूस लीनं १९७० मध्ये खांद्यावर बार घेऊन कमरेतून वाकायचा व्यायाम करताना पाठ अशी दुखावून घेतली की त्याला कित्येक महिने अंथरुणावर काढावे लागले, आणि पाठीनं पुढे त्याची पाठ सोडली नाही.

बेडूकउड्या आणि बदकचाल शिक्षा म्हणून देणारे अजून आहेत. पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यावर उडी म्हणजे आतल्या गादीवर, मेनिस्कसवर, सगळा भार. माझ्या मते या दोन्ही गोष्टी क्लासमधून हद्दपार व्हायला हव्यात.

पायरी ५: दगडाचे हात हवेत का?

मुठी टणक करायच्या, नडगी टणक करायची, ही हौस प्रत्येक पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला येते. हाडावर वारंवार योग्य भार पडला की हाड दाट होतं, हे जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडलं होतं. म्हणजे परंपरेत तथ्य आहे. पण ही सोय हाडाला आहे. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कुर्चा असते तिला स्वतःचा रक्तपुरवठा नाही, ती झिजली की भरून येत नाही. आणि मुठीनं आपण जिथं मारतो तो नेमका सांधा आहे.

त्यामुळे माझा क्रम असा. वाढ पूर्ण व्हायच्या आधी, म्हणजे मुलींना साधारण पंधरा आणि मुलांना सतरा-अठरापर्यंत, टणक वस्तूवर मुठी मारणं नाही आणि मुठींवर जोर काढणं नाही. हाडांच्या टोकांशी वाढीची पट्टी असते, तिला मार बसला तर बोट वाकडं वाढतं. त्यानंतर जड बॅगवर, हाताला पट्टी गुंडाळून, अंगठ्याकडच्या पहिल्या दोन सांध्यांवर मारायचं. करंगळीकडून मारलं की तळहाताचं हाड मोडतं, चिडून भिंतीवर बुक्की मारणाऱ्यांचंही तेच मोडतं. मकिवारा, म्हणजे गवताची दोरी गुंडाळलेली फळी, वापरायचीच असेल तर ती लवचीक हवी. भिंतीला ठोकलेली फळी मकिवारा नव्हे.

नडगीवर बाटली किंवा लाटणं फिरवून ‘नसा मारायच्या’ हा शुद्ध गाढवपणा आहे. हाड त्यानं दाट होत नाही, वरची त्वचा आणि हाडाचं आवरण तेवढं दुखावतं. बॅगवर दोन-तीन वर्षं लाथा मारल्या की नडगी आपोआप तयार होते.

कौलं आणि विटा फोडायचे प्रयोग गणेशोत्सवात टाळ्या मिळवतात. सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये एक भलामोठा दगड आहे, गामा पैलवानानं १९०२ मध्ये तो उचलला असं सांगतात. मुलांना तो जरूर दाखवा. घरी येऊन त्यांनी गॅसची टाकी उचलू नये एवढं बघा.

पायरी ६: डोकं

गुडघा बदलता येतो, खुबा बदलता येतो. मेंदू बदलता येत नाही.

मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूला कालांतरानं होणाऱ्या इजेवर हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टरनं १९२८ मध्येच लिहिलं होतं. जीभ अडखळणं, चाल डगमगणं, विसर पडणं, अशी ती लक्षणं. मुहम्मद अलीला १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान झालं तेव्हा तो अवघा ४२ वर्षांचा होता. त्याच्या आजाराला मारच कारणीभूत होता का यावर डॉक्टरांत मतभेद राहिले, पण डोक्यावर वर्षानुवर्षं बसणारे ठोसे मेंदूला झिजवतात यावर आता फारसा वाद उरलेला नाही. त्यातही कळीची गोष्ट ही की माणूस बेशुद्ध पाडणारा ठोसाच मोजायचा नसतो. रोजच्या सरावातले शेकडो हलके ठोसे, ज्यांनी नुसतं डोकं हलतं, तेही हिशोबात धरावे लागतात.

‘हेडगार्ड घालतो ना,’ असं सांगतात. हेडगार्डनं भुवई फुटत नाही, गालाला जखम होत नाही. पण मेंदू कवटीत हिंदकळतो तो थांबत नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष बॉक्सर हेडगार्डशिवाय उतरले, ते उगाच नाही.

ज्युदोवाल्यांनीही गाफील राहू नये. जपानी शाळांमध्ये १९८३ पासूनच्या तीन दशकांत ज्युदो करताना शंभराहून जास्त मुलं दगावली. त्यांतली कितीतरी नवखी होती, मागे फेकली गेली, डोकं आपटलं आणि कवटीच्या आत रक्तस्राव झाला. नीट पडायला शिकवायच्या आधी फेकायला सुरुवात केली की हे होतं. हनुवटी छातीला लावून मागे पडणं अंगवळणी पडेपर्यंत, मग त्याला दोन महिने लागोत, नव्या मुलाला कुणीही फेकू नये.

आता नेमकं काय करायचं. डोक्याला मार बसून मूल गोंधळलं, चक्कर आली, प्रकाश सहन होईना, तोच प्रश्न पुन्हा विचारायला लागलं, की त्या दिवसाचा सराव संपला. ‘मी ठीक आहे’ या त्याच्या वाक्याला किंमत नाही. पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाइल कमी, एकटं सोडायचं नाही. मग चालणं, मग हलका व्यायाम, मग जोडीदाराशिवाय सराव, असं एकेक दिवस पुढे सरकायचं, आणि लक्षण परत आलं तर एक पाऊल मागे. जोड लावून लढायला डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाही. शाळकरी मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त दिवस लागतात. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, झटका, एक बाहुली मोठी दिसणं, नाका-कानातून पाणी, यांतलं एकही दिसलं तर वाट न बघता जवळचं मोठं हॉस्पिटल गाठायचं.

मुलाला किंवा मुलीला डोक्यावर पूर्ण ताकदीनं मारणाऱ्या स्पर्धांत उतरवावं का, असं विचाराल तर अठरापर्यंत नाही, हे माझं उत्तर आहे. तोपर्यंत गुणांची, स्पर्शाची, नियंत्रणाची स्पर्धा भरपूर असते. माझ्या ओळखीतले काही प्रशिक्षक यावर रागावतात.

पायरी ७: दुखापत झाल्यावर

दुसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या सारख्याच ठणकतात, जिना उतरताना हाय हाय होतं, ते व्यायामाचं दुखणं. तीन-चार दिवसांत जातं. एकाच बाजूचं, सांध्याच्या आतलं, सूज आणणारं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं वेगळं. पहिल्यात हलकं चालायचं, दुसऱ्यात थांबायचं.

गुडघ्यात ‘टक्’ आवाज आला आणि दोन-तीन तासांत तो नारळाएवढा सुजला, तर बहुधा आतला क्रॉस लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारा एसीएल नावाचा बंध, फाटलाय. इथं आपल्याकडे एक ठरलेला घोळ होतो. एक्स-रे काढतात, हाड शाबूत असतं, ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून सगळे खूश होतात. एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसतच नाही. सूज उतरते, महिन्यानं मूल चालायला लागतं, परत क्लासला येतं, आणि वळताना गुडघा सटकतो. दर वेळी सटकला की आतली गादी थोडी थोडी फाटत जाते. हाडाच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि ते म्हणतील तर एमआरआय करा. एसीएल किंवा गादी फाटलेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांना दहा ते वीस वर्षांत त्या गुडघ्याची झीज आणि त्रास होतो असं वैद्यकशास्त्र सांगतं. म्हणजे सतराव्या वर्षी फाटलं तर पस्तिशीतच म्हाताऱ्याचा गुडघा. ऑपरेशन झालं तर परत लढायला निदान नऊ महिने. त्या आधी उतरणाऱ्यांचा परत फाटण्याचा धोका खूप वाढतो. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा बरीच जास्त होते, म्हणून उडी मारून उतरताना त्यांचे गुडघे आत वळत नाहीत ना, हे सुरुवातीपासून बघावं लागतं. मेरी कोमसारखी अनुभवी खेळाडूसुद्धा २०२२ मध्ये निवड चाचणीत गुडघा दुखावल्यामुळे राष्ट्रकुल स्पर्धेला मुकली.

आणि मग नवरात्र येते. बडोद्यात राहून गरबा खेळू नका असं सांगणारा माणूस अजून जन्मायचाय, आणि मी तो नाही. पण नऊ रात्री, दोन-तीन तास, अनवाणी, गोल फिरत उड्या, हे गुडघ्याला आणि पोटरीला पुरेपूर काम आहे. त्या नऊ दिवसांत क्लासमध्ये लाथा आणि उड्या बंद ठेवा, हातांचा सराव करा, आणि दसऱ्यानंतर दोन दिवस सुट्टी घ्या. गुडघ्याचं दुखणं घेऊन येणाऱ्या मुलींची रांग मी ऑक्टोबरमध्येच बघतो, आणि आया दोष कराट्याला देतात.

मुरगळल्यावर पहिले दोन दिवस चोळायचं नाही, गरम शेकायचं नाही. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, पट्टी, पाय उंच. घरोघरी एखादा हाडवैद्य ठरलेला असतो, त्याचा अनुभव मी नाकारत नाही, पण लहान मुलाच्या सुजलेल्या सांध्याला एक्स-रेआधी कुणी ओढलं-पिळलं तर वाढीच्या पट्टीचं नुकसान कायमचं होतं. क्लासला जाण्याआधी दुखण्याची गोळी खाऊन जाणं तर सर्वांत वाईट. दुखणं झाकतं, इजा वाढते, आणि पोट व मूत्रपिंडांवर वेगळा भार.

पायरी ८: वजन

विनेश फोगाट पॅरिसमध्ये २०२४ ला ५० किलो गटाच्या अंतिम लढतीआधी १०० ग्रॅमनी जास्त भरली आणि अपात्र ठरली, तेव्हा वजन उतरवण्याच्या प्रकाराबद्दल देशभर बोललं गेलं. जिल्हा पातळीवर हे रोज चालतं. जॅकेट घालून उन्हात पळणं, आदल्या दिवशी पाणी बंद, थुंकत बसणं. अमेरिकेत १९९७ च्या शेवटी तीन कॉलेज कुस्तीगीर असं वजन उतरवताना मेले, त्यानंतर तिथले नियम बदलले. वाढत्या मुलाला वजनगट उतरवायला लावूच नये, त्याला वरच्या गटात हरू द्यावं. मुलीची पाळी सलग तीन महिने चुकली तर ते ‘खेळामुळे होतं’ म्हणून झटकू नका. तिचं शरीर उपाशी आहे आणि हाडं त्याच वयात भरायची असतात, नंतर ती भरून निघत नाहीत. शाकाहारी घरात शेंगदाणे, चणे, डाळी, दूध, पनीर यांनी काम भागतं. बी-१२ आणि डी तपासून घ्या, प्रोटीनचा डबा नंतर.

पायरी ९: कान आणि कातडी

कुस्ती-ज्युदोत कान घासून आत रक्त साचलं, तो फुगून मऊ लागला, की दोन-तीन दिवसांच्या आत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून ते काढून दाबपट्टी बांधून घ्यायची. उशीर केला की आत कडक गाठ बनते आणि कान कायमचा मोडतो. काहींना तसा कान मिरवायचा असतो, त्यांच्याशी वाद नाही.

गादीवर नायटा पसरतो, आपल्या दमट पावसाळ्यात फारच. मेडिकलवरून ‘लवकर बरं करणारं’ मलम आणू नका. त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, खाज दोन दिवसांत थांबते आणि नायटा आतून चिवट होऊन महिनोन् महिने जात नाही. त्वचारोगतज्ज्ञ, रोज धुतलेला गणवेश, कापलेली नखं, एवढं पुरे.

पायरी १०: चाळिशीनंतर

कडक सराव करणाऱ्यांचं सर्वांत मोठं दुखणं कधी कधी सराव सुटल्यावर सुरू होतं. पैलवानाची मेहनत थांबते, खुराक थांबत नाही. बदाम, तूप, दूध त्याच मापानं चालू राहतं, आणि पन्नाशीत साखर, रक्तदाब आणि वाढलेलं वजन आधीच झिजलेल्या गुडघ्यावर येऊन बसतं. मेहनत अर्धी केली त्या दिवसापासून ताटही कमी करायचं.

स्पारिंग कमी करा, डोक्यावरचं पूर्ण बंद. काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा एकट्यानं करायचा क्रम, बॅग आणि पडण्याचा सराव चालू ठेवा. काठी फिरवत असाल तर तीही. उंच लाथ सोडून कमरेखालची ठेवली तर कुणी हसत नाही, आणि हसलं तर हसू द्या. जुने एमआरआय, एक्स-रे, ऑपरेशनचे कागद एका फायलीत ठेवा. पुढे खुबा किंवा गुडघा दाखवायला गेलात तर डॉक्टर सगळ्यात आधी तेच विचारतात. पडण्याचा सराव आठवड्यातून एकदा, घरी जाड गादीवर, उकिडवं बसून मागे लवंडायचं, हनुवटी छातीशी, हात शरीरापासून थोडे दूर आणि तळवे खाली. पंधरा-वीस वेळा.